यानिनाच्या हातचं

माझी बहीण यानिना घरी वेपचं, म्हणजे विजेच्या सिगारेटचं, लिक्विड घोटते. आमच्या आख्ख्या बेरिस्सो गावात तिच्यासारखं कुणी घोटत नाही. हे मी भाऊ म्हणून सांगत नाही, शेजारच्या ला प्लाता शहरातून लोक मोटारसायकली घेऊन आमच्या खिडकीशी येतात म्हणून सांगतो. आणि ती ज्या यंत्रावर घोटते ना, ते या हातांनी बनवलंय. मी गोदीत वेल्डिंग करतो, शाळा सातवीत सुटली. कुणीतरी फेकलेल्या कॉम्प्युटरचा पंखा उचलला, त्यावर लोहचुंबकं चिकटवली, वर प्लास्टिकचा डबा बसवला. डब्यावर काचेचं भांडं ठेवायचं आणि भांड्यात पांढरी चुंबकाची गोळी सोडायची. खाली पंखा फिरला की वर गोळी फिरते, लिक्विडात मधोमध भोवरा पडतो. बाजारात मिळणारी यंत्रं वासही न येता जळतात. माझं अजून चालतंय.

पण गल्लीत यानिनाचं नाव होतं ते लिक्विडासाठी नाही, मातेसाठी, तुंब्यातून ओढायच्या आमच्या पाल्याच्या चहासाठी.

थंडीच्या रविवारी आमच्याकडे दुसरं असतं काय? खुर्च्या फुटपाथवर काढायच्या, पानाचा चुरा भरलेला एक तुंबा, ओढायला एक नळी, गरम पाण्याचा एक थर्मास. भरणारी एक, बाकीच्यांनी आपापल्या पाळीला प्यायचं. आमच्या गल्लीत भरणारी यानिना. पाणी उकळू द्यायची नाही, धार एकाच जागी सोडायची, पानाची वरची बाजू शेवटपर्यंत कोरडी राहायची. तिच्या हातचं माते सकाळपासून संध्याकाळपर्यंत कडू पडायचं नाही. नवरा तिला सोडून पोसादासला गेला, मूलबाळ झालं नाही. रविवारी थर्मास काखेत मारून ती त्या गोलात बसली की मात्र राणी. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची नोकरी गेली, सगळं आधी तिच्या कानावर. तेवढंच होतं तिचं.

तो जुलैचा रविवार, आमच्याकडे ऐन थंडीचा. नदीवरून असा वारा सुटला होता की खुर्च्या बाहेर टिकेनात. सगळे आमच्या स्वयंपाकघरात आले. शेजारची शिवणकाम करणारी नेलिदा, बस चालवणारा ओस्वाल्दो, माझी आई, मी. यानिनानं एकीकडे भांडं यंत्रावर लावलं होतं. नेलिदाचंच पीच, तिचा नेहमीचा स्वाद. सिगारेट सोडल्यापासून नेलिदा त्या पीचवर जगत होती. बाई शिवणयंत्रावर बसली तरी वेप गळ्यात.

थंडीनं लिक्विडातलं ग्लिसरीन मधासारखं घट्ट होतं. त्यात गोळीला नीट फिरता येत नाही, ती भोवरा सोडते आणि काचेवर टकटक आदळते. मग यानिनाला भांडं कोमट पाण्यात ठेवून, गोळी काढून, पुन्हा मांडावं लागतं. निकोटीन हाताच्या कातडीतून आत जातं, म्हणून ती रबरी हातमोजे घालते. पण हातमोजे घालून कुणाला माते द्यायचं? तसं दिलं तर समोरचा उठून जाईल, म्हणेल मला महारोग झालाय का. म्हणून ती दर वेळी हातमोजा काढायची, तुंबा भरायची, द्यायची, परत हातमोजा चढवायची.

त्या दिवशी गोळी तळाशी अडकली. यानिनानं दोन बोटांनी काढली. तेवढ्यात आई म्हणाली, अगं नेलिदाचा तुंबा खोळंबलाय, पाणी गार होतंय. यानिनानं ओला हातमोजा घाईघाईत दुसऱ्या, उघड्या हातानं ओढून काढला, पाणी सोडलं, नळी वाकडी बसली होती ती अंगठ्यानं सरळ केली. तोंडात घ्यायच्या टोकाशी धरून. तिची नेहमीची लकब.

नेलिदा प्यायली. थोड्या वेळानं म्हणाली, खोली फिरतेय. मग पांढरी पडली, घाम फुटला आणि आमच्या मोरीत ओकली. ओस्वाल्दोनं तिला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी चालत घरी आली, रात्री सूप प्यायली. आमच्या बापाला झिंग उतरताना याहून जास्त त्रास व्हायचा.

यानिना दुसऱ्या दिवशी नेलिदाच्या दारात उभी राहिली, खरं ते सांगितलं, माझ्या अंगठ्याला ते लिक्विड लागलं होतं म्हणाली. लपवलं असतं तर कुणाला कळलं नसतं, पण आमच्या घरात लपवत नाहीत. नेलिदानं ऐकून घेतलं, दार लावलं आणि गल्लीभर सांगितलं, "तिच्या हातात विष मुरलंय. धुतलं तरी जायचं नाही."

पुढच्या रविवारी ऊन होतं, खुर्च्या बाहेर आल्या. यानिना थर्मास घेऊन बसली. पहिला तुंबा ओस्वाल्दोला. तो हसत म्हणाला, ग्रासियास. आमच्यात माते घेताना आभार मानत नाहीत, आभार म्हणजे पुरे, आता नको. एकही घोट न घेता आभार. मग पुढच्यानं तसंच. मग पुढच्यानं. तुंबा कुणाच्या हातात न जाता गोल फिरून तिच्याकडे परत आला. मी हिसकावून घेतला आणि सगळ्यांसमोर तळापर्यंत ओढला, पुन्हा भर म्हटलं, पुन्हा ओढला. ओस्वाल्दो म्हणाला, "तू भाऊ आहेस रे. तुझं काय धरायचं?"

मग नेलिदानं स्वतःचा थर्मास उघडला आणि सगळे तिच्याकडून प्यायले. यानिनाच्या हातातलं पाणी गार झालं. ती उठली नाही. मी तिला ओळखतो, आमचं रक्त आहे ते, उठत नाही.

त्यानंतर गंमत सुरू झाली. पोट साफ होत नसेल तर यानिनाकडे जा, असं ओस्वाल्दो बसमध्ये म्हणायचा. मी त्याची कॉलर धरली तेव्हापासून माझ्या पाठीमागे म्हणायला लागला. एका बाप्तिस्म्याच्या जेवणात यानिनाला वेगळा तुंबा दिला, लहान, दुसऱ्या रंगाचा. इथे बस, तुझं तू पी. ती प्यायली. आमची आई, जिनं तिला थर्मास धरायला शिकवला, तीही सकाळी यानिना उठायच्या आत स्वतःचं माते करून प्यायला लागली. यानिनानं विचारलं तर म्हणायची, झोप येत नाही गं मला.

आणि हेच लोक शनिवारी खिडकीशी. पीच, पुदिना, कॉफी, तंबाखू. ज्या हातात विष मुरलंय त्या हातानं घोटलेलं, छातीत खोल ओढायला चालतं. तुंब्यातून नको. एक दिवस मी यानिनाला म्हटलं, "या हरामखोरांना देऊ नकोस." ती यंत्रावरचा भोवरा बघत होती.

"देईन की दादा," ती म्हणाली. "देईन."

शनिवारी तिनं खिडकीखाली खुर्ची टाकली. कठड्यावर थर्मास आणि तुंबा. बाटल्या आत, तिच्यामागे फळीवर. पहिला ओस्वाल्दो आला, पुदिना मागितला. तिनं तुंबा पुढे केला. तो म्हणाला, ग्रासियास. ती म्हणाली, मग ये हं, आणि खिडकी लोटली.

तो तासाभरात परत आला. वेप कोरडा पडला होता. प्यायला. बसून प्यायला, कारण उभ्यानं चालणार नाही असं तिनं सांगितलं होतं. नळीतून तळाचा आवाज येईपर्यंत. मग तिनं त्याच्याकडे बायकोची चौकशी केली, मुलीच्या परीक्षेचं विचारलं, आणि उत्तरं नीट मिळाल्यावर बाटली दिली. कोपऱ्यावर जाऊन तो थुंकला. मी पाहिलं, तिनंही पाहिलं. त्यानंतर तिनं नियम वाढवला. माते संपल्यावर तोंड उघडून बोलायचं, गिळल्याशिवाय बाटली नाही.

सगळे आले. दुकानातलं लिक्विड अत्तरासारखं लागतं, ते यांना जमेना. सगळे खुर्चीवर बसले, मान खाली घालून प्यायले, बोलले. मी दारात स्टूल टाकून एकेकाकडे बघत बसायचो.

नेलिदा सगळ्यात जास्त टिकली. शिवणयंत्राचा आवाज बंद पडला, रात्रंदिवस खोकला ऐकू यायचा, पुन्हा सिगारेट धरली म्हणत होते, ती सोसवेना. शेवटी एका शनिवारी आली. कपड्यांना दोरे चिकटलेले. खुर्चीवर बसली, तुंबा दोन्ही हातांनी घेतला, डोळे मिटून ओढला. यानिनानं परत घेतला, पुन्हा भरला. नेलिदानं तोही संपवला. पुन्हा भरला.

"बाटली दे ना गं," नेलिदा म्हणाली. रडत होती.

"देते नेलिदाकाकू. घाई काय आहे? तुझी बहीण कशी आहे? किती दिवसांत बोललो नाही आपण."

नेलिदानं बहिणीचं सांगितलं. मग भाच्याचं. नाक पुसत सांगत राहिली. यानिना कठड्यावर कोपर टेकून ऐकत होती, मध्येच हसत होती, अगदी रविवारच्या गोलात हसायची तशी. आई आतून म्हणाली, पुरे गं आता, म्हातारी आहे ती. यानिनानं मागे वळून तुंबा आईपुढे धरला.

आई तिथेच उभी राहिली. मग घेतला.