डेमोकाकांची किटली

चौदा मार्चला, दुकान बंद व्हायच्या बेतात असताना, चार हजार सहाशे ऐंशीची पावती फाटली. नोकरांना मिळणारी सूट वजा जाता उरलेली ही एका ब्लेंडरची किंमत. पावती डेमोकाकांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या नावाची होती. तिने रुमालाची गाठ सोडली, नोटा गल्ल्यावर पसरल्या आणि दोनदा मोजल्या. साडेचार हजार भरले.

"दादा, एकशे ऐंशी कमी पडतात रे. पहिल्या कमाईतून देते."

"दे सावकाश. फार तर व्याज लावीन."

"लाव की. सख्ख्या बहिणीला नाही लुबाडायचं तर कोणाला?"

दोघं हसली. कमी पडलेले पैसे काकांनी खिशातून भरले, खोकं सुतळीने बांधून दिलं आणि तिला रिक्षात बसवून दिलं. या गोष्टीला आता एकवीस वर्षं झाली.

काका त्या दुकानात लागले ते खोकी उचलायला. मिक्सर, पंखे, इस्त्र्या असा सगळा माल तिथे मिळे. एकदा डेमो दाखवणारा माणूस आजारी पडला म्हणून मालकांनी यांना पुढे उभं केलं, आणि मग काका तिथून हललेच नाहीत. आवाज खणखणीत, हात चपळ आणि जिभेला हाड नाही. दुकानाच्या दारात टेबल, टेबलावर ब्लेंडर, बाजूला पालकाची जुडी, केळी, सफरचंद, लिंबू. "या, या! बघायला पैसे पडत नाहीत! दातांना सुट्टी, पोटाला मजा! ज्या पोरांना पालक दाखवला तरी रडू येतं, ती ग्लास चाटूनपुसून ठेवतील!" असं म्हणत काका भांड्यात मूठभर पानं टाकत, स्टीलच्या किटलीतून पाणी ओतत, केळं टाकत, बटण दाबत. अर्ध्या मिनिटात गुळगुळीत हिरवीगार स्मूदी तयार. छोट्या छोट्या ग्लासांतून ती लोकांच्या हातात जाई आणि लोक एकमेकांकडे बघून माना डोलावत. दिवसाला चार-पाच ब्लेंडर तरी खपत.

सगळी मेख त्या किटलीत होती.

किटलीत नुसतं पाणी नसे. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी काका मागच्या खोलीत बसून पालक वाटत. देठ खुडून टाकायचे. आधी पाणी, मग पानं, म्हणजे पात्याखाली हवा अडकत नाही आणि पानं वरच्या वर गरगरत बसत नाहीत. थोडं फिरवायचं, थांबायचं, कडेला चिकटलेलं चमच्याने खाली लोटायचं, पुन्हा फिरवायचं. मोटर तापली वाटली की तिला दम घेऊ द्यायचा. चारेक मिनिटांत पानांचा चोथा दिसेनासा होतो. मग केळं, तेही साल काढून आदल्या रात्री बर्फात घातलेलं, आणि अगदी शेवटी लिंबू. पण ते दारातल्या टेबलावर. सकाळचं हे वाटलेलं हिरवं पाणी किटलीत भरून ठेवायचं. ते ओतताना डाव्या हातातलं केळं उंच धरायचं, म्हणजे लोक केळ्याकडे बघतात, धारेचा रंग कोणी बघत नाही. टेबलावर टाकलेल्या मूठभर पानांचा चोथा मग त्या वाटलेल्या पाण्यात कळतही नसे.

ही युक्ती मालकांची. "काका, गिऱ्हाईक अर्ध्या मिनिटाच्या पुढे उभं राहत नाही," ते म्हणत. "चार मिनिटं ब्लेंडर फिरवत बसलात तर समोर फक्त मांजर उरेल." आणि वर ताकीद: "किटलीबद्दल चकार शब्द बाहेर जाता कामा नये. ज्या दिवशी गेला, त्या दिवशी तुमचं टेबल उचललं समजा."

काकांना यात फारसं वावगं वाटत नसे. ब्लेंडर काही खोटा नव्हता. मागच्या खोलीत पालक वाटला जाई तोही त्याच ब्लेंडरमध्ये. घरी नेल्यावर माणसाने धीर धरला तर त्याच्याकडेही तशीच स्मूदी झाली असती. फक्त धीर धरा असं त्याला कोणी सांगत नव्हतं. महिन्याकाठी पाच-सात गिऱ्हाइकं तक्रार घेऊन येत, "आमच्याकडे नुसता चोथा होतो हो." काका हसून म्हणत, "हाताची सवय लागते, ताई." बहुतेक जण दुसऱ्यांदा येत नसत.

धाकटीला मात्र दुसऱ्यांदा येणं भाग होतं.

ती बिस्किटांच्या कारखान्यात पुडे भरायला जाई. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. तिच्या डोक्यात एक कल्पना आली. तिच्या घराजवळ पोहण्याचा तलाव होता. पहाटेपासून तिथे माणसांची रीघ, आणि पोहून बाहेर आलेला माणूस भुकेला असतो. तलावाच्या व्यवस्थापकाला गाठून तिने फाटकाजवळ टेबल मांडायची परवानगी मिळवली, विजेचा एक प्लगही मिळवला. कारखाना सोडला. दादाच्या टेबलासमोर गर्दीत उभं राहून तिने दोन दिवस सगळं नीट बघून घेतलं होतं. मूठभर पानं, पाणी, केळं, अर्धं मिनिट. यात चुकण्यासारखं काय होतं?

पहिल्या आठवड्यातच ती काकांच्या घरी आली. काकूंनी, म्हणजे तिच्या वहिनीने, तिच्या हातात ग्लास दिला. काकूंना खरी रीत काकांनीच शिकवली होती. घरात रोज तशीच स्मूदी होई.

"वहिनी, हे बघ, असं हवंय मला!" धाकटी म्हणाली. "माझी स्मूदी घशाखालीसुद्धा धड जात नाही. तो पोहायला शिकवणारा दाढीवाला आहे ना, काल सगळ्यांसमोर म्हणतो, 'बाई, पोहून आलोय, आता काय चरायला लावता?' सगळे फिदीफिदी हसले. काय करतेस तू वेगळं?"

काकूंनी तोंड उघडलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. काकांनी भुवई जराशी वर केली.

"हिच्या हाताला चवच आहे," काका म्हणाले. "तुलाही येईल गं. घाई करू नकोस."

"अरे, पण जास्त वेळ फिरवलं की जळका वास येतो."

"मग फिरवू नकोस. मोटर जळेल. अर्धं मिनिट पुरे."

सलग फिरवली तर मोटर जळते, यात खोटं काही नव्हतं. मध्ये थांबायचं असतं, एवढंच त्यांनी सांगितलं नाही.

धाकटी गेल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, सांगून टाकलं असतंत तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"ती आज ऐकेल आणि उद्या तलावावर दहा जणींना सांगेल. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, माहीत आहे ना? मालकांच्या कानावर गेलं म्हणजे?"

"मालकांच्या कानाची एवढी काळजी! बहिणीच्या पोटाची नाही?"

काकांनी वर्तमानपत्र उघडलं. मालकांची भीती खरी होती, पण ती पुरती खरी नव्हती. धाकटीने दोन दिवस त्यांच्या टेबलासमोर उभं राहून शेजारच्या बायकांना सांगितलं होतं, "माझा दादा आहे तो!" ज्या दादाचा तिला एवढा अभिमान, तो सकाळी मागच्या खोलीत किटली भरून ठेवतो, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

पुढच्या रविवारी काका तलावावर गेले. धाकटीने नवा पोशाख केला होता, टेबलावर स्वच्छ कापड घातलं होतं. ती सगळं एकदम भांड्यात टाकत होती, केळं तळाला आणि पानं वर. बटण दाबून ओठ हलवत तीस आकडे मोजत होती. पानं वरच्या वर गरगरत होती. काकांना लांबूनही पात्याखाली अडकलेल्या हवेचा पोकळ आवाज ओळखू आला. एका म्हाताऱ्या बाईने ग्लास घेतला, दोन घोट प्यायली, दातांत अडकलेला धागा बोटाने काढला आणि उरलेला ग्लास अलगद टेबलावर ठेवून पैसे देऊन निघून गेली. ती पैसे बुडवून गेली असती तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं.

"कशी काय चालू आहे विक्री?" त्यांनी विचारलं.

"चाललंय," धाकटी म्हणाली. "तुझा हात उसना मिळतो का रे कुठे?"

काकांच्या ओठांवर आलं होतं. आधी पाणी घाल गं, नुसतं आधी पाणी घाल. पण तेवढ्यात दाढीवाला आला, लोक जमले, आणि काका एक ग्लास पिऊन, चोथ्यासकट गिळून, "छान झालंय" म्हणून परतले.

पावसाळ्याच्या तोंडावर टेबल उठलं. कारखान्यात तिची जागा भरली गेली होती. धाकटी एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात लागली, चादरी घड्या घालायला. गरम चादरी दोघींनी दोन टोकं धरून ताणायच्या, दुमडायच्या, पुन्हा ताणायच्या. एवढ्या वर्षांत तिच्या बोटांची पेरं जाड झाली आणि उजवा खांदा जरा खाली उतरला. ती तक्रार करणाऱ्यांतली नव्हती. सणासुदीला, वाढदिवसाला भेटली की दारातच म्हणे, "दादा, तुझे एकशे ऐंशी आहेत हं माझ्याकडे!"

"व्याज किती झालं ठाऊक आहे का?"

"मेल्यावर घे. माझ्या नावाने चादर विक."

एकदा काकांनी खरंच म्हणून पाहिलं, "सोडून दे गं ते."

"का सोडू? फुकटचं नको मला. ते टेबल चाललं नाही, ते माझ्या हाताला जमलं नाही. तुझा काय दोष त्यात?"

काकांनी तिच्या नवऱ्याच्या ट्रकची चौकशी सुरू केली.

गेल्या वर्षी काका निवृत्त झाले. मालकांनी, म्हणजे आता मालकांच्या मुलाने, नारिंगी कागदात गुंडाळलेला नव्यातला नवा ब्लेंडर भेट दिला. हा ब्लेंडर अर्ध्या मिनिटात खरोखरच वाटतो. त्याला किटली लागत नाही. खोकं घरात आलं तेव्हा काकू नुसत्या बघत राहिल्या.

त्याच सुमारास धाकटीचे वरचे सगळे दात काढावे लागले. नवी कवळी बसायला दोन महिने. तोवर पातळच खायचं, पालेभाजी चुकवायची नाही, असं दंतवैद्याने बजावलं होतं. काकांनी रात्रभर विचार केला. नवा ब्लेंडर तिला द्यायचा. तिच्यासमोर तिला मऊसूत स्मूदी करून पाजायची. नवं मशीन आहे, म्हणून होते. जुनं काही उकरायची गरज नाही. इतक्या वर्षांची टोचणी अशी परभारे निघून जाईल, असा त्यांचा हिशेब होता.

"हे काय आणलंस?" धाकटीने खोकं बघून विचारलं. दात नसल्यामुळे शब्द मऊ येत होते. "माझं आहे की! ते पडूनच आहे, आता तरी उपयोगाला येईल."

"अगं, जुनं झालं ते."

"जुनं कुठलं? तीन महिने पुरते वापरलं नाही." तिने स्टूल ओढलं, कपाटावरून उशीच्या अभ्र्यात बांधलेला ब्लेंडर उतरवला आणि ओट्यावर ठेवला. भांडं लख्ख होतं. "यातच कर. तुझा हात बघू. डेमोकाका म्हणतात ना लोक!"

काकांनी झाकणाची कडक झालेली रबरी कडी गरम पाण्यात भिजवली. पालक निवडला, देठ खुडले. आता दोनच वाटा होत्या. तिच्यासारखं सगळं एकदम टाकून अर्ध्या मिनिटात थांबवायचं आणि दात नसलेल्या बहिणीला चोथा द्यायचा. नाहीतर नीट करायचं. काकांचा हात आपोआप पाण्याच्या भांड्याकडे गेला. आधी पाणी, मग पानं. फिरवलं, थांबले, चमच्याने कडा खाली लोटल्या, पुन्हा फिरवलं, मोटरवर तळहात ठेवून बघितलं, पुन्हा थांबले. धाकटी खुर्चीत बसून एकटक बघत होती. आधी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. तिसऱ्यांदा बटण दाबलं तेव्हा ते नव्हतं.

केळं पडलं, लिंबू पिळलं गेलं. तिने ग्लास तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"हेच मशीन," ती म्हणाली.

"हो."

"पाणी माझ्या नळाचं."

"हो गं."

"मग दुकानात तू अर्ध्या मिनिटात कसं करायचास?"

काकांनी किटलीचं सांगितलं. उंच धरलेल्या केळ्याचंही सांगितलं. त्यांचा खणखणीत आवाज ओट्यापलीकडे जात नव्हता.

"वहिनीला ठाऊक होतं?"

"होतं. मीच सांगू दिलं नाही."

धाकटीने ग्लासाच्या तळाशी बघितलं. चोथ्याचा एक कणसुद्धा नव्हता. "मी एवढी वर्षं समजत होते, माझ्या हातालाच जमलं नाही," ती म्हणाली. मग उठली, ग्लास विसळला, पालथा घातला. "ते खोकं घेऊन जा दादा. मला यातच होईल आता."

भांडण झालं नाही. धाकटी अबोलाही धरून बसली नाही. ती रोज सकाळी त्याच ब्लेंडरमध्ये स्मूदी करते, छान होते, असं काकूंना फोनवर सांगते. कवळी बसली तेव्हा दोघांना दाखवायला आली, जेवून गेली. नवा ब्लेंडर काकांच्या घरी नारिंगी कागदातच आहे.

पण दारात पाऊल ठेवताना ती पैशांचं काही बोलली नाही. त्यानंतर तीनदा आली, तरी नाही. दर वेळी काका दार उघडून क्षणभर तसेच उभे राहतात, आणि ती "वहिनी कुठे आहे?" असं विचारत आत जाते.

ब्लेंडरचे एकशे ऐंशी अजून येणे आहेत.