भावाला न पोचलेली मिस्सा

मंडळी, पप्पांना जाऊन महिना झाला, म्हणून आज भुईगावच्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना झाली. कॅनडातल्या भावाने बजावलं होतं, "पूर्ण व्हिडिओ पाठव."

फाइल जाईचना. नुसतं चाक गरगरत होतं. ॲप अपडेट केलं, फोन बंद-चालू केला, शेजाऱ्यांचं वायफाय मागितलं. शेवटी व्हिडिओचे तुकडे करून एकेक पाठवला. मम्मी सारखी विचारत होती, "बघितलं का गं त्याने?"

त्याचा मेसेज आला, "एवढं कोण उघडत बसणार? थडग्यावर माझ्या नावाची फुलं ठेवलीस ना? तेवढा फोटो टाक, स्टेटसला हवाय."

तो फोटो मात्र झटक्यात गेला.

मम्मी अजून विचारतेय. आता तुम्हीच सांगा, तिला बिघाड कुठे होता म्हणून सांगू?