थोरल्याची सकाळची फेरी

आमच्या जिन्याखालच्या खोलीत इस्त्रीवाल्या वहिनी राहतात. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणाला विचारलंत तर सांगता येणार नाही. दारातच इस्त्रीचं टेबल, त्याच्यामागे कपड्यांचे गठ्ठे आणि आतल्या भिंतीला लागून भाऊंचा पलंग. भाऊ म्हणजे वहिनींचा नवरा. बस चालवायचे. झटका आला तेव्हापासून उजवं अंग गेलं, जीभही जड झाली. त्यांना एखादा शब्द बोलायचा असला की वहिनी इस्त्री उभी करून ठेवतात आणि थांबतात.

त्या खोलीत माणसं दोन आणि जनावरं चार. हवालदार नावाचा कुत्रा, जो चोर आलाच तर त्याला आतली वाट दाखवेल. राणीसरकार नावाची मांजर, जिला कडक इस्त्रीच्या चादरीशिवाय झोप येत नाही. आणि थोरला न् धाकटी, ही दोन कासवं, पाण्यातली नव्हेत, जमिनीवरची. कुणीतरी बसमध्ये खोकं विसरून गेलं होतं, त्यात ती निघाली. न्यायला कुणी आलं नाही, म्हणून भाऊंनी घरी आणली. तेव्हा मुठीत मावायची.

भाऊ अंथरुणाला खिळल्यावर थोरल्याचा एक नेम ठरून गेला. उन्हाची पट्टी दारातून आत आली की तो टेबलाखालून निघायचा आणि गठ्ठे चुकवत चुकवत पलंगाच्या पायाशी यायचा. भाऊ मान वळवून वाट बघत असायचे. तो पोचला की चालता हात खाली सोडून त्याच्या पाठीवर बोटं टेकवायचे. चहा त्यानंतर.

"माझ्यासाठी कधी एवढी मान वळवली नाही हो," वहिनी म्हणायच्या. भाऊ अर्ध्या तोंडाने हसायचे. दिवसभरात तेवढंच हसू.

वहिनी माहेरी सहा भावंडांत वाढलेल्या. भावांच्या वाटीत साय आणि आपल्या वाटीत पाणी घातलेलं दूध, हे त्या कधी विसरल्या नाहीत. म्हणून त्यांच्या घरात सगळ्यांना एकच परात. दुधात भिजवलेला पाव, वर कुस्करलेलं अंडं, मिळाली तर मासळी. चारी तोंडं त्या परातीला लागायची. आम्ही मुलाबाळांना ते बघायला न्यायचो. कासवांच्या पाठीवर उंचवटे वर आले तेव्हा वहिनींना कोण आनंद. "बघा, अंगाला कसं लागतंय," म्हणायच्या.

थंडीत धाकटी गेली. वय झालं असेल, असं आम्हीच म्हणालो. मग थोरला अर्ध्या वाटेत थांबायला लागला. मागचे पाय ओढत राहायचा, आणि भाऊंची मान तिकडे वळलेली तशीच राहायची.

वहिनींनी त्याला उलटासुलटा करून पाहिला. कवचाच्या कडेला दातांचे व्रण दिसले. त्यांनी हवालदाराला बाहेर नळाच्या खांबाला बांधलं.

"एका परातीत जेवलास आणि त्यालाच चावलास? लाज नाही वाटली?"

तो तिथे बसून दिवसभर दाराकडे बघत रडायचा. थोरल्याला काही फरक पडला नाही. शेवटी मीच म्हटलं, जनावरांच्या डॉक्टरकडे दाखवू. टोपलीत टॉवेल घालून आम्ही दोघी त्याला घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. त्यांनी पाय ओढून बघितले, पाठीवरून हात फिरवला.

"मावशी, खायला काय देता?"

वहिनींनी अगदी मानाने सगळं सांगितलं. दूध, अंडं, मासळी, काही कमी नाही.

डॉक्टरीणबाईंनी थोरल्याला परत टॉवेलावर ठेवलं. "हा गवत-पाला खाणारा जीव आहे, मावशी. अंडी-मासळी त्याच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. ही पाठही त्यानेच अशी झाली."

"आणि कुत्र्याचे दात?"

"ते वरवरचे आहेत. खेळताना लागले असतील."

"मग आजपासून पालाच घालते."

"घाला. पण आता फार उशीर झालाय."

परतीच्या वाटेवर वहिनी टोपली छातीशी धरून चालत होत्या. "कुत्र्यापुढे अंडं आणि ह्याच्यापुढे नुसता पाला," त्या म्हणाल्या, "कसं दिसलं असतं ते, तुम्हीच सांगा."

घरी येताच त्यांनी हवालदाराला सोडलं. त्याने रुसावं तरी, तर तो त्यांचा हातच चाटत बसला. भाऊंना त्या म्हणाल्या, "पाय मुरगळलाय म्हणे. होईल बरा."

मी रोज हात जोडताना भाऊंसाठी मागायचे, त्यात थोरल्यालाही धरलं. मिळेल असं वाटत नव्हतं.

एका सकाळी चादरी द्यायला गेले तर वहिनी जमिनीवर गठ्ठ्यांच्या आड बसलेल्या. एका हाताने कपडे निवडायचं नाटक, दुसऱ्या हाताने थोरल्याला हळूहळू पुढे सरकवत होत्या. पलंगावरून बघणाऱ्या भाऊंना तो आपणहून चालतोय असंच दिसावं. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग रोजच तसं चालू झालं.

परवा ऊन आत आलं आणि थोरल्याची मान कवचाबाहेर आली नाही. हात लावल्यावर वहिनींना कळलं. मी दारातच होते, मलाही कळलं. तरी त्यांनी त्याला सरकवत पलंगाच्या पायाशी नेलं.

भाऊंनी हात खाली सोडला. पण पाठीवर टेकवला नाही, वहिनींच्या मनगटावर ठेवला. ओठ हलायला लागले तसं वहिनी थांबल्या.

"राहू दे," भाऊ म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "तू... दमलीस."

"तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

भाऊंनी मनगट सोडलं. वहिनींनी थोरल्याला त्याच टॉवेलात गुंडाळलं.

आज सकाळी इस्त्रीचे कपडे आणायला गेले होते. परात घासून भिंतीला उभी केलेली होती आणि हवालदार तिच्यासमोर बसला होता. उन्हाची पट्टी दारातून आत आली, गठ्ठ्यांवरून पलंगाच्या पायापर्यंत गेली. भाऊंचं तोंड भिंतीकडे होतं. त्यांनी मान वळवली नाही. वहिनींनी चहा उशाशी ठेवला, तो तसाच गार होत होता.