बदकाचे पाय

बूटवाल्यांच्या मुलाला सगळी गल्ली बदक म्हणायची, आणि त्यात गल्लीचा फारसा दोष नव्हता. पोरगं चालायचंच तसं. पावलं बाहेर फेकत, डुलत डुलत, दोन्ही तळवे जमिनीला चिकटवून. चारचौघांच्या तळपायाला मध्ये कमान असते, याच्या पायाला तिचा पत्ताच नव्हता. कुणी चिडवलं तर चिडायचं नाही, उलट आणखी डुलून दाखवायचं. मग चिडवणाऱ्यालाच ओशाळं व्हायचं.

बाप बुटांचा कारागीर. दुकान एवढंसं, दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. भिंतीवर लाकडी पावलांचे फर्मे टांगलेले. पायाचं माप घेता घेता ते समोरच्याला म्हणायचे, "तुमची डावी टाच जास्त झिजते. कंबर दुखते ना?" आणि कंबर खरंच दुखत असायची. पण स्वतःच्या पोराच्या पायांकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. चालतंय ना? मग झालं.

बदक शाळेतून कसंबसं बाहेर पडलं. गोदामात लागलं, तिथून कुरिअरमध्ये, मग विजेच्या दुकानात. कुठेच टिकलं नाही. आळशी नव्हतं हो. दुसऱ्याची कामं करण्यात स्वतःचं काम राहून जायचं. जिन्यात कुणी पिशवी घेऊन धापा टाकताना दिसलं की हे पिशवी उचलून वरच्या मजल्यावर. साहेब खाली शंख करतोय, तो करू दे.

विसाव्या वर्षी एका दुपारी ते दुकानात आलं, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलं आणि मोजे काढले.

"बाबा, पाय नापास झाले."

"कुणाचे?"

"माझे. सैन्याच्या भरतीला गेलो होतो. डॉक्टर म्हणाला, तळवे सपाट आहेत, चालणार नाहीत."

कुठल्याही शहाण्या बापाने मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला असता. बूटवाल्यांना आला तो राग, आणि तोही डॉक्टरचा. "बूटवाल्याच्या पोराचे पाय नापास? उद्या गिऱ्हाइकांना काय तोंड दाखवू मी? आण इकडे."

त्या दिवसापासून आठ महिने बापलेकांचा उद्योग चालला. बूटवाले कॉर्क तासून बुटात बसेल अशी कमान करायचे आणि दर पंधरा दिवसांनी तिला कागदाएवढी जाडी चढवायचे. पोरगं दुकानाच्या मागच्या बाजूला चवड्यांवर उभं राहायचं, पायाच्या बोटांनी दोऱ्याची रिळं उचलायचं, दुखून डोळ्यांत पाणी आलं तरी हसायचं. घरी पाय ओले करून फरशीवर उभं राहायचं, आणि दोघं वाकून ठसा बघायचे. ठशाच्या मधोमध कोरडी जागा दिसू लागली, तेव्हा बूटवाल्यांनी मुलाच्या पाठीत असा धपाटा घातला की ते आडवंच झालं. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "घरात काय पूर आणलाय का रे? पुसायला कोण येणार?" तिला कुणी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने दोघांनाही घराबाहेर काढलं असतं.

दुसऱ्या तपासणीला पाय पास झाले.

तेव्हा युद्ध नव्हतं, हे बूटवाले पुढे स्वतःला कितीदा तरी सांगत राहिले. युद्ध दीड वर्षाने आलं. एकोणिसाव्या दिवशी दोन गणवेशधारी माणसं दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. बूटवाल्यांची नजर सवयीने आधी बुटांवर गेली. पॉलिश उत्तम, शिवण मजबूत. वर, चेहऱ्यांकडे बघायला त्यांनी बराच वेळ लावला.

आईने त्याच संध्याकाळी आपला गुन्हा ठरवून टाकला. भरती झाला त्या दिवशी सकाळी ती मुलाला म्हणाली होती, "एवढा घोडा झालास, बापाच्या जिवावर किती दिवस खाणार?" आणि संध्याकाळी पोरगं कागद घेऊन आलं होतं. म्हणजे तिच्या बोलण्याने ते गेलं, आणि मेलं. हे ती शेजारणीला सांगायची, बहिणीला सांगायची आणि रोज नवऱ्याला सांगायची.

बूटवाल्यांना ठाऊक होतं की तपासणीची तारीख पंधरा दिवस आधीच ठरली होती. एका वाक्याचं काम होतं. पहिल्या आठवड्यात त्यांची जीभ उचलली नाही. नंतर वाटलं, आता कसं सांगू? आणि खरं बोलायचं तर, ती स्वतःला दोष देत होती तोवर त्यांना कुणी काही विचारणार नव्हतं. सोयीचं होतं ते. दुकानात मात्र त्यांनी कमानी करणं सोडलं. सपाट पायांचं गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "देवाने दिलेत तसेच असू देत."

तिसऱ्या वर्षी शाळेने वाचनालयात बदकाचा फोटो लावला. भाषणं झाली. शेवटी त्याच्या तुकडीतला एक ड्रायव्हर उठला. त्याला बोलायची सवय नव्हती. "त्या दिवशी गाडी बंद पडली होती," तो म्हणाला. "जखमींना हा पाठीवर घेऊन आणत होता. आमचे पाय भरून आले, पण हा परत परत जायचा. चौथ्या खेपेला गेला, तो आला नाही. पाय असावेत तर असे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बूटवाल्यांनी हात मांडीखाली दाबून धरले.

घरी आल्यावर आई चपलाही न काढता खुर्चीत बसली. "ऐकलंत? एवढं गुणी पोर. मी त्या सकाळी तोंड आवरलं असतं तर आज इथे असतं."

"तू नाही पाठवलंस त्याला," बूटवाले म्हणाले. "मी पाठवलं." आणि उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगून टाकलं. नापास झालेले पाय, कॉर्क, आठ महिने, ओले ठसे, आधीच ठरलेली तारीख.

ती खुर्चीतच पुढे झुकली. "म्हणजे तो माझ्यावर रागावून नव्हता गेला?"

"छे! जिना उतरताना तुझी नक्कल करत होता."

"कशी?"

बूटवाल्यांनी कमरेवर हात ठेवला, मान वाकडी केली. "एवढा घोडा झालास!" आवाज फाटला, पण नक्कल जमली. आई हसली. तीन वर्षांत पहिल्यांदा, डोळ्यांतून धारा वाहत असताना, पोट धरून हसली. मग हळूहळू थांबली. तिने डोळे पुसले.

"पाय घडवलेत, त्याबद्दल मी काही म्हणत नाही," ती म्हणाली. "पोराने मागितलं, बापाने दिलं. पण तीन वर्षं मी रोज तुमच्यासमोर बसून म्हणत होते की मी मारलं त्याला. आणि तुम्ही मला पाणी आणून द्यायचात."

बूटवाले पाणी आणायलाच वळले होते. ते तिथेच थांबले.