आप्पांची प्लास्टिकची पत्ती

इनामगावच्या लग्नात वरात देवळापाशी थांबली होती, तेव्हा मी आप्पांच्या बाटलीचा वास घेतला... चोरून. हे सगळं आप्पांना विचारूनच लिहितोय, त्यामुळे कुणी काळजी करू नये.

मी न्हावऱ्याचा. एरवी कंपनीत क्वालिटीला आणि लग्नसराईत गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेटला. दिवसभर पार्टमधली खोट शोधून शोधून नजरच तशी झालीये... बायको म्हणते, तुम्ही माझ्या चहाकडंसुद्धा रिजेक्ट करायच्या नजरेनं बघता.

आप्पा म्हणजे आमच्या बँडमधले जुने क्लॅरिनेटवाले. मला वाजवायला त्यांनीच शिकवलं, आणि वरातीत आम्ही दोघं कायम शेजारी शेजारी चालतो.

आता क्लॅरिनेटचं कसं असतं... त्याच्या तोंडाला बोरूच्या जातीच्या गवताची एक पातळ पत्ती बांधतात. ती कोरडी असली की नीट वाजत नाही, आधी तोंडात धरून थुंकीनं भिजवावी लागते. त्यामुळे वरात निघायच्या आधी आम्ही दोघं मुके. नवरदेवाचा मामा येऊन काही विचारायला लागला तरी नुसती मान हलवायची. लोकांना वाटतं, काय माज आहे यांना!

यंदा मात्र आप्पा बोलायला लागले. अगदी वरात निघेपर्यंत, मोकळ्या तोंडानं, जो भेटेल त्याच्याशी. मला पहिली शंका तिथंच आली.

नीट बघितलं तर त्यांच्या क्लॅरिनेटला दुधी रंगाची प्लास्टिकची पत्ती. भिजवायला नको, उन्हात सुकत नाही, वर्षभर टिकते म्हणे... असेलही. पण आवाज असा चकचकीत येतो की कान किटतात. आणि प्लास्टिकमध्ये जीव नसतो, हे मला शिकवणारे हेच आप्पा!

संशयाला कारणही तसंच होतं. आमच्या बँडच्या मालकांनी, म्हणजे मास्तरांनी, कीबोर्ड घेतलाय. पुढच्या सीझनपासून एकच क्लॅरिनेट ठेवणार, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. म्हणजे आप्पा तरी, नाहीतर मी तरी.

त्यात आप्पा मला दौंड स्टेशनबाहेर दिसले, हातात पिशवी. नंतर पुन्हा दिसले... पुन्हा तीच पिशवी. विचारलं तर म्हणाले, लेकीकडं पुण्याला चाललोय. एवढ्या वेळा लेकीकडं? दौंडमध्ये आमच्यापेक्षा मोठा बँड आहे आणि त्यांना जुना वाजवणारा हवाय, हे मला पक्कं ठाऊक होतं. नवी पत्ती, नवा आवाज, दौंडच्या चकरा... माझं गणित जुळलं.

राहिली ती बाटली. दर गाण्यानंतर एक घोट. भर मे महिन्यात युनिफॉर्मची कॉलर गळ्यापर्यंत बंद, आणि बाटली मात्र सारखी तोंडाला. म्हणजे प्यायलाही लागले... मला राग आला, खरं सांगायचं तर वाईटही वाटलं.

म्हणून त्या दिवशी आप्पा चप्पल सारखी करायला वाकले तेवढ्यात मी बाटलीचं झाकण उघडलं आणि नाकाला लावली. वास कसलाच नाही. आप्पा समोर उभे.

"वास काय घेतो रं? पानी हाय."

मी झाकण लावून बाटली परत दिली. त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि कॉलरचं बटण काढलं. जबड्याखालची कातडी काळी पडलेली, भाजल्यासारखी.

"कॅन्सरची गाठ निघाली व्हती. पुण्याला दवाखान्यात मशीनवर शेक घेतलं. गाठ गेली, पन थुंकी बी गेली... पत्ती भिजवू कशानं? पान्यानं भिजवली तर गानं संपायच्या आत सुकती."

बटण लावत म्हणाले, "मास्तरला बोलू नको. एकच ठेवायचा म्हनल्यावर आजारी मानूस कोन ठेवंल?"

तेवढ्यात ढोल सुरू झाला आणि मला वाजवावंच लागलं. काय वाजवलं ते आठवत नाही. दौंडची पिशवी, ती लेक, बंद कॉलर, बाटली... सगळं एकेक करून डोक्यात उलटं होत होतं.

पुढच्याच लग्नात मास्तरांना खटकलं. दोन क्लॅरिनेटचे आवाज वेगळे येतायत, कुणाची तरी पत्ती बिघडलीये, असं म्हणून ते आमच्यामागं कान लावून चालायला लागले. आप्पांचा चेहरा मला बघवेना. घरी गेल्या गेल्या मी मोबाईलवर तसलीच दुधी पत्ती मागवली. आवाज मला आजही आवडत नाही, पण दोघांचा सारखा येतो... पुढच्या वरातीत मास्तर खुशाल कान लावून चालले आणि त्यांना काही सापडलं नाही.

गेल्या आठवड्यात आप्पांचा तपासणीचा रिपोर्ट चांगला आला. लपवायचा कंटाळा आला म्हणाले, आणि मला सोबत घेऊन स्वतःच मास्तरांकडं गेले. सगळं सांगितलं... गाठ, शेक, कोरडं तोंड, पत्ती. मी जमिनीकडं बघत बसलो होतो. आता मास्तर काय बोलतील याची मला आप्पांपेक्षा जास्त धास्ती.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं बोट केलं.

"आन् मंग ह्याच्या तोंडाला काय झालंय?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि डोळे पुसले.

मास्तरांनी आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं. मग उठले आणि आत जाता जाता म्हणाले, "रविवारी केंदूरची सुपारी हाय. दोघंबी येळेवर या. आन् पुढच्या सीझनचं आत्ताच सांगून ठेवतो, दोघंबी लागताल."

परत येताना गाडीवर आप्पा मागं बसले होते. वारं असलं की त्यांचं तोंड फार कोरडं पडतं, म्हणून मी सगळ्या रस्त्यानं गाडी हळू चालवली.