मॅचआधीची प्रार्थना

माझे वडील फुटबॉलची मॅच प्रार्थनेशिवाय सुरू होऊ देत नसत. टीव्हीवर खेळाडू रांगेत उभे राहिले की पप्पा खुर्चीतून उठायचे, चष्मा काढून खिशात ठेवायचे आणि मोठ्याने प्रार्थना करायचे. आमचा क्लब जिंकावा असं त्यांनी कधीच मागितलं नाही. देवाला असल्या कामाला लावू नये, असं त्यांचं स्पष्ट मत. त्यांचं मागणं ठरलेलं असायचं : "हे प्रभू, दोन्ही बाजूंच्या पोरांचे पाय धड राहू दे. पंचाला नीट दिसू दे. जे हरतील त्यांना रात्री झोप लागू दे. आमेन." एकदा आमेन झालं की पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला ते मोकळे.

ही सवय नगर जिल्ह्यातल्या मिशन कंपाउंडातली. तिथल्या शाळेच्या मुरमाड मैदानावर पप्पा अनवाणी खेळायचे, डाव्या बाजूचा बचाव सांभाळायचे. एका सामन्यात त्यांच्या जिवलग मित्राचा पाय मोडला आणि तो पुढे कधी सरळ झाला नाही. त्या दिवशी सामन्याआधी प्रार्थना करायची पाळी पप्पांची होती आणि उशीर झाला म्हणून ती राहून गेली होती. देव असा हिशेब ठेवत नाही, हे त्यांना शास्त्रातून चांगलं माहीत होतं. रविवारच्या शाळेत पोरांना त्यांनी तेच शिकवलं. पण प्रार्थना मात्र त्यानंतर एकदाही चुकवली नाही.

आई गेल्यावर मी त्यांना बंगळुरूला, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आणलं. घरात आम्ही दोघंच. मराठी उपासना महिन्यातून एकदा, तीही मल्लेश्वरमच्या पलीकडे, एका चर्चने दुपारपुरती दिलेल्या हॉलमध्ये. बस, मेट्रो आणि मग रिक्षा. पप्पांच्या गुडघ्यांनी लवकरच हात टेकले. जवळच्या इंग्रजी उपासनेला मी त्यांना नेलं, तर तिथे ते परक्याच्या लग्नात बसल्यासारखे बसून राहिले. "लोक चांगले आहेत," घरी आल्यावर म्हणाले, "पण मला इंग्रजीत पश्चात्ताप होत नाही." मी हसले. ते हसले नाहीत. गावच्या चर्चमध्ये सगळी हयात पहिल्या बाकावर बसलेला माणूस इथे रविवारी सकाळी बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत बसायचा, आणि मला काही करता येत नव्हतं.

मग फुटबॉल मदतीला आला. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये बेळगावकडचा एक तरुण राहायचा. एका शनिवारी संध्याकाळी आमच्या क्लबने शेवटच्या मिनिटाला गोल केला, आणि पप्पांनी आरोळी ठोकली त्याच क्षणी समोरच्या बंद दारामागूनही तशीच आरोळी आली. (क्लबचं नाव सांगत नाही. सांगितलं तर निम्मे वाचक इथेच सोडून जातील.) पप्पांनी दार उघडलं, त्यानेही उघडलं, आणि ओळखपाळख नसताना दोघांनी जिन्यासमोर मिठी मारली. पुढच्या शनिवारी तो आमच्याकडे आला. त्याच्या पुढच्या शनिवारी मित्रांना घेऊन आला. पुण्याचे, नागपूरचे, एक हुबळीचा. महिन्याभरात माझ्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा राहिली नाही.

पप्पा पहिल्यांदा प्रार्थनेला उठले, तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पोरांच्या हातात बज्जी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि बेळगावकर बज्जी ताटलीत ठेवून उभा राहिला. मग सगळेच उभे राहिले. त्यानंतर एकदा पप्पा सर्दीने आत झोपलेले असताना पोरांनी मॅच तशीच लावली, आणि आमचा क्लब दणकून हरला. संपलं. क्लबचा चाहता हा जात्याच अंधश्रद्धाळू प्राणी. जिंकलेल्या दिवसाची जर्सी महिनाभर न धुणारी ही पोरं. त्या दिवसापासून पप्पांच्या प्रार्थनेशिवाय मॅच लावायची नाही, असा त्यांनी नियमच केला. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, मान खाली घालून, ती पप्पांसमोर रिंगण करून उभी राहायची. पप्पा चिडायचे. "हा काही तोडगा नाही रे. मी जिंकायचं मागतच नाही." पोरं म्हणायची, "काका, तुम्ही फक्त म्हणा."

ते चिडायचे, पण शुक्रवारपासून त्यांची दाढी, इस्त्रीचा शर्ट सुरू व्हायचं. मला ते कळत होतं. त्यांना पुन्हा उभं राहायला जागा मिळाली होती.

राजकारणालाही आमच्याकडे वेळ ठरलेली होती : मध्यंतर. हा नियम पप्पांचा. बेळगावकर दिल्लीतल्या सरकारचा कट्टर समर्थक, पप्पा तेवढेच कट्टर विरोधक. मध्यंतराची शिटी वाजली की दोघं सरसावून बसायचे.

"काका, देश कुठं चाललाय तुम्ही बघालाच नाही," तो म्हणायचा.

"बघतोय म्हणून तर झोप लागत नाही," पप्पा म्हणायचे.

टीव्हीवर संघ परत आले की दोघंही तोंडातला शब्द अर्धवट सोडून गप्प. मी ऑफिसात, नात्यागोत्यात, सगळीकडे माणसं राजकारणापायी एकमेकांचं तोंड बघेनाशी झालेली पाहिली होती. आमच्या हॉलमध्ये ते पंधरा मिनिटांत आटपायचं आणि मग चहा व्हायचा. मला त्याचा गर्व वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मग लोकसभेच्या निवडणुकीचे दिवस आले, आणि त्याच दिवसांत आमच्या क्लबची मोठी मॅच. त्या संध्याकाळी बेळगावकराने पप्पांच्या प्रार्थनेची मोबाइलवर क्लिप घेतली. उजवा हात वर केलेले पप्पा आणि त्यांच्यासमोर माना खाली घातलेली पोरं. क्लबच्या चाहत्यांच्या ग्रुपवर त्याने ती टाकली, खाली लिहिलं, 'आमचे काका असताना आम्हाला काय भीती.' त्याचा हेतू सोन्यासारखा होता. ते मी आजही शपथेवर सांगेन.

तिथून ती कुणी उचलली कोण जाणे. आठवड्याभरात ती परत आली तेव्हा तिच्यातला आवाज काढलेला होता आणि भेसूर संगीत घातलेलं होतं. टीव्ही कापून टाकला होता. पप्पांच्या डोक्याभोवती लाल वर्तुळ. खाली मजकूर : आयटीतल्या हिंदू पोरांना फ्लॅटमध्ये गोळा करून धर्मांतर, झोपलात का? माझ्याबद्दल जे लिहिलं होतं ते मी इथे लिहीत नाही. पोरांना मीच कशी बोलावते, एवढ्यावरून ओळखा.

ती बेळगावकराला त्याच्याच राजकीय ग्रुपवर आली. तो ती दाखवायला आमच्या दारात आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"मी सांगितलो काका त्यांना," तो म्हणाला. "ह्यो व्हिडिओ मीच काढलो, हे आमचे काका हाईत, मॅचची प्रार्थना हाय म्हणून सांगितलो. मला म्हणाले, तू किती घेतलास."

"मग?" मी विचारलं.

"ग्रुपमधनं काढले मला."

ज्या ग्रुपसाठी त्याने सुट्टी टाकून प्रचाराचे झेंडे लावले होते, त्या ग्रुपमधून. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. किती दिवस मनात साठवलेलं सगळं त्याच्या तोंडावर फेकायचं होतं. पण तो पायपुसण्यावर अवघडून उभा होता, आणि पप्पा त्याला म्हणत होते, "आत ये, चहा घे." मी चहा टाकायला गेले आणि साखरेचा डबा ओट्यावर आपटला. तेवढंच मला करता आलं.

मी काही कमी खटपट केली नाही. व्हिडिओची ॲपवाल्यांकडे तक्रार केली, तर उत्तर आलं की तो त्यांच्या नियमांत बसतो. पुन्हा केली, पुन्हा तेच उत्तर. दर वेळी तो नव्या खात्यावरून यायचा. नागपूरच्या पोराच्या आईने गावाकडे तो पाहिला आणि रडत फोन केला, "काय करून राहिला बापा तू तिकडं?" त्याने शपथा घेतल्या, कपाळावर गंध लावून फोटो पाठवला. त्या शनिवारी तो आला नाही. पुढच्या शनिवारी पुण्याचे आले नाहीत. कुणाला काम होतं, कुणाच्या घरी पाहुणे. कुणीच वाईट बोललं नाही. लिफ्टमध्ये भेटले की पप्पांच्या पाया पडायचे.

घरमालकांचा जे. पी. नगरहून फोन आला. भला माणूस, नाताळचा आमचा फराळ हक्काने मागून नेणारा. "मॅडम, मला काही प्रॉब्लेम नाही," ते हिंदीत म्हणाले. सोसायटीच्या सेक्रेटरीलाही काही प्रॉब्लेम नव्हता. पोलीस चौकीतून बोलावणं आलं, तिथल्या साहेबांनाही नव्हता. कुणालाच अडचण नव्हती, आणि तरी प्रत्येक जण आम्हाला काहीतरी थांबवायला सांगत होता.

चौकीत बेळगावकर आमच्याबरोबर आला, कन्नड बोलायला. साहेबांनी पप्पांना खुर्ची दिली. "प्रार्थनेत काय म्हणता?" असं विचारलं. पप्पांनी चष्मा काढला आणि जशीच्या तशी म्हणून दाखवली. बेळगावकर एकेक वाक्य कन्नडमध्ये सांगत गेला. पंचाला नीट दिसू दे, इथे साहेबांना हसू आवरेना. ते स्वतः पोलीस संघाकडून गोलकीपर खेळलेले निघाले. दोघांचं थोडं फुटबॉलवर बोलणंही झालं. माझ्या जिवात जीव आला. वाटलं, सुटलो.

मग साहेबांनी हसू आवरलं. म्हणाले, तुमच्याविरुद्ध काहीच नाही. पण फोन येतायत. निवडणूक आहे. उद्या दहा माणसं तुमच्या गेटवर आली तर मी दोन हवालदार पाठवू शकतो, त्याहून जास्त माझ्या हातात नाही. "स्वल्प दिवस बंद ठेवा, सर."

"काय बंद ठेवू?" पप्पांनी विचारलं.

"मॅच बघा ना. मॅचला कोण नको म्हणतंय?"

"सरी," बेळगावकर पप्पांच्या वतीने कन्नडमध्ये हो म्हणाला, आणि आम्ही निघालो.

घरी आल्यावर मला रागाने रडू कोसळलं. मी म्हटलं, पप्पा, तुम्ही तसेच म्हणत जा, अगदी मोठ्याने म्हणा, बघू कोण काय करतं ते. ते म्हणाले, "माझं काय गं, माझं झालं सगळं. तुला इथे राहायचंय." मग चष्मा पुसत म्हणाले, "आणि त्या पोरांची लग्नं व्हायचीत."

त्या शनिवारी मॅच होती. मी सवयीने बज्जी जास्त तळली. फक्त बेळगावकर आला आणि सोफ्याच्या कडेला बसला. टीव्हीवर खेळाडू मैदानात आले. आम्ही दोघांनी पप्पांकडे पाहायचं टाळलं.

पप्पा उठले. त्यांनी बाल्कनीचं दार ओढून घेतलं, खिडकी लावली, पडदा सरकवला. पुढच्या दाराची कडी नीट बसली आहे ना, ते पाहून आले. मग टेबलावरचा रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. वाढवत राहिले. भरलेल्या स्टेडियमचं गाणं आमच्या हॉलमध्ये एवढं घुमायला लागलं की मला कानावर हात ठेवावेसे वाटले. मला वाटलं, त्यांना हल्ली कमी ऐकू येतंय की काय.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. हात वर केला नाही. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे ओठ हलायला लागले.

बेळगावकर उभा राहिला. मीही राहिले. रविवारच्या शाळेत शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी प्रार्थना करायला ज्यांनी मला शिकवलं, ते माझ्यापासून हातभर अंतरावर देवाशी बोलत होते आणि मला एक शब्दही ऐकू येत नव्हता. त्यांनी नेहमीचंच मागितलं की आणखी काही, पोरांसाठी काही मागितलं की माझ्यासाठी, मला माहीत नाही. मी नंतरही विचारलं नाही. ओठ थांबले, तेव्हा झालं असावं असं समजून आम्ही दोघं आमेन म्हणालो.