पान तेवीस

आमच्या कामात कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. अहो, ढिगानं जमतात! नागपुरातल्या एका दवाखान्यात मी काउन्सेलर आहे. ज्यांच्या हाडांतला मगज रक्त बनवणं सोडून देतो, त्या पेशंटना एक पुस्तिका द्यायची आणि आजार समजावून सांगायचा, हे माझं काम. रडायचं ते घरी जाऊन, असा नियम केलाय. वॉर्डात फक्त किस्से.

*

पुस्तिकेचं पहिलंच वाक्य आहे, ‘अस्थिमज्जेच्या कार्यक्षमतेच्या ऱ्हासामुळे रक्तपेशीनिर्मिती बाधित होते.’ मी छापणाऱ्यांना फोन केला. म्हटलं, पेशंटना काही कळत नाही हो! पलीकडून उत्तर आलं, "असं कसं मॅडम? आम्ही चार डॉक्टरांना दाखवली. चौघांनाही कळली!"

*

भिवापूरचे सुधाकरभाऊ मिरचीच्या कामावर जायचे. त्यांना मी सोपं करून सांगितलं, "भाऊ, तुमच्या हाडातला मगज सुकलाय." पंधरा दिवसांनी आले ते खुशीत. "मॅडम, रोज नल्लीचं मटण खाऊन राहिलो. दोन्ही टाइम!"

मी कपाळावर हात मारला. तो असा भरत नाही म्हटलं. तर म्हणाले, "मंग पहिलेच सांगाचं ना! शेजारी तं म्हणून राहिले, आजारी पडावं तं असं!"

सगळा वॉर्ड हसला. रिपोर्ट आधीपेक्षा खाली होता.

*

पान अकरा. ‘रुग्णास स्वतंत्र, हवेशीर, धूळविरहित खोली व स्वतंत्र शौचालय द्यावे.’ नागपूरलगतच्या वाडी गावात ट्रकच्या गोदामांमागे एका खोलीत पाच जणांचं कुटुंब राहतं, तिथली एक बाई नवऱ्याला घेऊन यायची. तिनं त्या ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं. "ताई, असं घर भेटलं तं पेशंटच कायले, आम्ही सारेच राहू!"

*

मराठी पुस्तिका संपल्या. नवं खोकं आलं, सगळ्या इंग्रजी! विचारलं तर म्हणे, "मराठीला मागणीच आली नाही." मागणीचा फॉर्म इंग्रजीत होता.

मग उरलेल्या चार मराठी प्रतींची मी लायब्ररी केली. आतल्या कव्हरवर नाव लिहायचं, वाचून परत आणायची. त्या नावांपैकी आता किती जण आहेत, हे मी मोजत नाही.

*

कोराडीची प्रणाली बावीस वर्षांची. प्लेटलेट घ्यायला बसनं एकटीच यायची. तिच्या फॉर्मवर लिहिलेलं, ‘भावंडं : नाहीत.’ आमचे डॉक्टर सर हळहळले. "सख्खा भाऊ असता आणि त्याचा मगज जुळला असता, तर पोरगी बरी झाली असती!" प्रणाली खिडकीबाहेर बघत होती.

समजावण्यात मात्र एक नंबर! सुधाकरभाऊंना म्हणाली, "काका, पॉवर स्टेशनचं युनिट बंद पडलं का पंखा फिरत नाही ना? तुमच्या हाडातलं युनिट बंद हाय. पंख्याले तेल देऊन काय फायदा?" मी सांगूनही चालूच असलेलं भाऊंचं नल्लीचं मटण त्या दिवशी सुटलं. चार डॉक्टरांना दाखवावं लागलं नाही!

*

महिन्याभरानं तिनं पुस्तिका परत आणली. चाळून पाहिली तर पान तेवीस गायब. भावाबहिणीचा मगज कसा घेतात, ते पान. माझा पाराच चढला. चारच प्रती, त्यातली ही एक!

"पान कुठंय, प्रणाली?"

"मीच फाडलं मॅडम. घरी सारेच वाचतात. दादाच्या हाती लागलं असतं."

"दादा? कोणता दादा?"

"सख्खा." ती खाली बघत म्हणाली, "लग्न जुळलं त्याचं. याच्या हाडातून काही काढाचं हाय, असं पोरीकडच्याइले समजलं तं सोयरीक मोडन. घरी मी सांगितलं, गोळ्याइनं बरी होते."

मी ओरडलेच. "अगं, त्याच पानावर छापलंय ना, देणाऱ्याला काही होत नाही म्हणून! वाचलं नाहीस?"

"वाचलं ना. म्हणूनच फाडलं. दादानं वाचलं असतं तं तो लगेच हो म्हणाला असता."

संताप आला मला. तिचा, त्या सोयऱ्यांचा, पुस्तिकेचा, माझाही. ती मात्र शांतपणे पर्समधून वहीचं एक पान काढत होती. दोन्ही बाजूंनी हातानं लिहिलेलं.

"हे चिकटवून घ्या मॅडम. पुढच्या पेशंटचं नुकसान नको."

वर पहिलीच ओळ होती, ‘भावाले आजच विचारा. लाजू नका.’